जिथं बर्फ धरत नाही

ओरेस्तेला आधी ते केसच वाटले. तळघराच्या फरशीवर ठेवलेल्या छोट्या पडद्यात मघापासून नुसती पाइपची तपकिरी भिंत सरकत होती. ओली, गोल, मधूनच एखादा सांधा, की परत भिंत. डोरीन कोव्हाच नावाची प्लंबरबाई गुडघ्यांवर बसून रिळावरची केबल हातभर हातभर आत ढकलत होती, आणि केबलच्या टोकाचा दिवा लावलेला कॅमेरा घराखालून अंगणाकडे, अंगणाखालून रस्त्याकडे चालला होता. ओरेस्ते पालुम्बी शेजारी उगाच उभा होता. आपल्या ड्रेनेजमध्ये बघण्यासारखं काय असणार, असं काहीतरी त्याच्या मनात चाललं होतं, आणि तेवढ्यात ते समोर आलं. पांढुरकं, लांब, बारीक, पाइपच्या छतातून खाली सुटलेलं. टोकं पाण्यात बुडाली होती आणि कुणी न हलवता हलत होती, एका अंगाला जात होती, परत येत होती. ओरेस्तेला पडद्यात ती दिसली. टबाच्या काठावर मान टेकून डोळे मिटलेली त्याची बायको एर्सिलिया, आणि पाण्यावर तिचे सोडलेले केस. उभ्या संसारात त्यानं हे एक-दोनदाच पाहिलं होतं, ती टॉवेल विसरली तेव्हा, दार बोटभर उघडून टॉवेल आत देताना. तिला जाऊन आता बरेच हिवाळे झाले होते. इतकं जपून ठेवलेलं, कुणाला कधी न सांगितलेलं चित्र एका परक्या बाईच्या यंत्रात कसं आलं, हे त्याला क्षणभर खरोखरच कळेना.

"मुळं," डोरीन म्हणाली. केबल थांबवून तिनं डोकं वर केलं. "वर काय आहे, मिस्टर पालुम्बी?"

"अंगण."

"अंगण सगळ्यांनाच असतं. अंगणात काय आहे?"

"अंजीर," ओरेस्ते म्हणाला.

डोरीननं त्याच्याकडे नीट पाहिलं. पेन्सिल्व्हेनियाच्या या टेकडीवर, जिथं नदीवरून येणारा वारा मार्चपर्यंत कान कापतो, तिथं उघड्यावर अंजीर म्हणजे म्हातारा आपली थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं. तिच्या आजोबांच्या शेजारी एक इटालियन होता म्हणे, तो थंडी आली की अंजिराला सतरंज्या आणि दोऱ्या गुंडाळून डोक्यावर बादली पालथी घालायचा, आणि डोरीन नि तिच्या बहिणी लहानपणी त्या रस्त्यानं जायला घाबरायच्या, आत माणूस आहे म्हणून. ओरेस्ते हसला नाही. तेव्हा तिनंही आपला सूर बदलला आणि काय झालंय ते सरळ सांगितलं. पाइप जुने, भाजक्या मातीचे. झाडाच्या बरोबर खाली सांधा उघडलाय, मुळं आत आलीत, आणि त्याच्या पुढे पाइप चक्क बसलाय. मुळं कापून भागणार नाही, आतून अस्तर घालूनही नाही. खणायला लागेल, आणि खणायचं म्हणजे झाड जाणार. घर विकायचं नसतं तर तिनं कॅमेरा घातलाच नसता आणि हे आणखी वीस वर्षं असंच चाललं असतं, हेही ती म्हणाली. पण विकायचं म्हटलं की लाइन दाखवल्याशिवाय आणि धड करून दिल्याशिवाय नगरपालिका कागद पुढे सरकवत नाही. जुन्या घरांच्या फुटक्या पाइपांतून पावसाचं पाणी शिरतं, गटारं भरतात, नदीत जातात. म्हणून हा नियम. नियमात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त ओरेस्तेला वाटलं, माणूस घरात राहतो तोवर त्याच्या खाली काय चाललंय याची कुणी विचारपूस करत नाही, आणि तो निघाला की मात्र दिवा घेऊन येतात.

"आज हो म्हणालात तर सोमवारी माणसं आणते," डोरीन म्हणाली. "नाही म्हणालात तर लाइन नापास म्हणून कळवून मोकळी होते. घर तुमचंच राहील मग. राहा खुशाल."

राहा खुशाल. एवढं सोपं होतं ते. ओरेस्ते टेबलाजवळच्या आपल्या खुर्चीत बसला. हे टेबल, ही चूल, ही खुर्ची सगळं तळघरातच होतं, कारण वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी होतं आणि पाहुणे आले तरी शेवटी सगळे खालीच येत. वरच्या चुलीवर एर्सिलियानं कॉफीशिवाय काही केलं नव्हतं. टोमॅटो आटवायचे इथं, सणाची मासळी तळायची इथं, ओरेस्तेनं गिरणीतून, म्हणजे पोलादाच्या गिरणीतून, काळा होऊन यायचं तेही मागच्या दारानं इथंच. कोपऱ्यात उघड्यावर संडासाचं एक भांडं आणि भिंतीवर एक फवारा होता, या डोंगरावरच्या प्रत्येक घरात असतो तसा. तिथं अंग धुतल्याशिवाय पुरुषानं जिना चढायचा नाही असा नियमच होता. गिरणी बंद पडली, ओरेस्ते पुढे बसच्या आगारात लागला, हात स्वच्छ राहू लागले, तरी तो धुवायचा इथंच. वरचा टब एर्सिलियाचा. त्यात तो आजतागायत एकदाही बसला नव्हता. खुर्चीच्या मागं, पाठीला जवळजवळ टेकेल असा, वरून येणारा बिडाचा जाड पाइप होता. वरच्या न्हाणीपासून दोन मजले उतरून तो इथं फरशीत शिरायचा, आणि आज त्याच्या बुडाचं झाकण काढून डोरीननं आपली केबल आत घातली होती.

झाड लावलं ते पानफिलोनं, एर्सिलियाच्या बापानं. तो इटलीतल्या आब्रुत्सोहून आला तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेली अंजिराची काडी कोटाच्या अस्तरात लपवून घेऊन आला होता. इथं आल्यावर त्यानं पाहिलं की त्याच्या गावचे सगळे लोक दर शरदात आपापली अंजिरं पुरतात. पुरतात म्हणजे अक्षरशः पुरतात: एका बाजूची मुळं तोडायची, फांद्या बांधायच्या, झाड आडवं करून खड्ड्यात निजवायचं, वर फळ्या, पालापाचोळा, जुने गालिचे, माती, आणि ईस्टरच्या सुमारास उकरून परत उभं करायचं. पानफिलोला हे बघवेना. माझं झाड मेलेल्यासारखं झोपणार नाही, असं तो म्हणायचा. मग हे घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं खिडकीतून पाहिलं की अंगणभर गुडघाभर बर्फ पडलंय, पण घरापासून रस्त्यापर्यंत एक पट्टा तेवढा ओला, काळा, मोकळा आहे. तिथं बर्फ धरतच नव्हतं. खालून घराचं गरम पाणी जात होतं. दुसरं कुणी असतं तर त्यानं ड्रेनेजवर झाड लावू नये एवढा विचार केला असता. पानफिलोनं नेमकी तीच जागा धरली. शेजारच्या नुंझिओनं तेव्हाच सांगितलं होतं, म्हातारबा, ते तोंड घालेल पाइपात. त्यावर पानफिलो म्हणाला होता, घालू दे, तहान लागली तर पिऊ दे. आणि खरंच, आसपासची सगळी अंजिरं गालिच्यांखाली गपगार झोपलेली असताना पालुम्बींच्या अंगणातलं झाड उभ्यानं थंडी काढायचं. फांद्यांची टोकं काळी पडायची, पण बुंधा जिवंत राहायचा, आणि ऑगस्टमध्ये अंजिरं लगडायची. नुंझिओ ती कधी तोंडात घालायचा नाही. एर्सिलियाच्या आंघोळीची फळं म्हणायचा त्यांना. एर्सिलियानं पाठवलेली बशी कुंपणावरून परत करायचा आणि वर विचारायचा की यंदा साबण कुठला वापरला.

ती आंघोळ मात्र होतीच तशी. एर्सिलिया फुलांच्या दुकानात कामाला होती, मागच्या थंड खोलीत. दिवसभर बादल्यांत हात, लिली आणि ग्लॅडिओला, निम्म्याहून अधिक फुलं मयतांची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिची बोटं निळसर असत आणि ती मुद्दाम ओरेस्तेच्या मानेला लावायची, त्यानं दचकावं म्हणून. मग जेवणं, भांडी, आणि मग ती वर जायची. नळाचा आवाज यायचा, बराच वेळ, मग काही नाही. ओरेस्ते खाली या खुर्चीत बसायचा. वर काय चाललंय ते त्याला दिसायचं नाही आणि त्यानं कधी विचारलंही नाही. कधी गुणगुण ऐकू यायची, बहुतेक वेळा तीही नाही. मग केव्हातरी त्याच्या पाठीमागच्या पाइपात आधी एक आचका यायचा, घोट अडकल्यासारखा, आणि पाठोपाठ सगळं पाणी धो धो उतरायचं, दोन मजले, त्याच्या कानामागून, पाठीमागून, फरशीखाली. बिडाचा पाइप कोमट व्हायचा. तेव्हा ओरेस्ते टोपलीतलं एक संत्रं घ्यायचा आणि सोलायला लागायचा. पाणी संपेस्तोवर साल निघायची. मग शांतता, ती अंग पुसतेय. मग वरचा जिना, मग मधला बोळ, मग तळघराचा जिना. त्याची शेवटून दुसरी पायरी करकरायची, म्हणून एर्सिलिया ती नेहमी टाळून उतरायची, आणि एकदम समोर उभी असायची, डोक्याला टॉवेल, गाल लाल, हात गरम. समोरच्या खुर्चीत बसून अर्धं संत्रं खायची. बोलणं काही खास नसे. कोण मेलं ते तिला फुलांवरून आधी कळलेलं असायचं, ते सांगायची. पण पाणी सुटल्यापासून ती येईपर्यंतचा जो वेळ होता, तो ओरेस्तेचा होता. लग्न, पोर, ईस्टर, पगारवाढ सगळं आपापल्या जागी ठीक होतं, पण कुणी देवाघरी विचारलं असतं की परत काय देऊ, तर त्यानं तोच मागितला असता. ती आली की आली. येणार आहे हे नक्की माहीत असण्यात जे सुख होतं ते आलेल्यातसुद्धा नव्हतं, आणि हे तिला कधी सांगितलं असतं तर तिनं संत्रं फेकून मारलं असतं.

ती गेली सप्टेंबरात. तिच्याच दुकानातली फुलं आली. ओरेस्ते सगळ्यांशी नीट बोलला, नीट जेवला, मुलगी लॉरेटा काळजी करत दक्षिणेत शार्लटला परत गेली तिला नीट निरोप दिला. मग पहिलं मोठं बर्फ पडलं, आणि सकाळी त्यानं खिडकीतून पाहिलं तर अंगण सगळं पांढरं होतं. सगळं. घरापासून रस्त्यापर्यंत एकसारखं, अंजिराच्या बुंध्यापर्यंत चढलेलं. पट्टा नव्हता. दफनाच्या दिवशी जे त्याला झालं नव्हतं ते त्या खिडकीशी झालं. कठड्याला धरून तो खालीच बसला. त्या संध्याकाळी तो वर गेला, टबात गरम पाणी सोडलं, काठापर्यंत भरू दिलं आणि बूच ओढलं. झाडासाठी, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, दोन दिवसांत पट्टा परत दिसू लागला. पण झाडासाठी बूच ओढणं पुरेसं होतं. बूच ओढून तो धावत सुटायचा ते कशासाठी, हे त्यानं स्वतःलाही कधी नीट सांगितलं नाही. जिना, बोळ, तळघराचा जिना, आणि खुर्ची गाठायची, पाणी उतरत असताना. आधी आधी शेवटचं थोडं तरी सापडायचं, पाइपातली घरघर, बोटांना लागणारी कोमट ऊब. पुढे गुडघे राहिले मागं. तो खुर्चीत येऊन टेकायचा तेव्हा सगळं होऊन गेलेलं असायचं, पाठीमागे नुसता थेंब थेंब. वर बूच ओढायला तोच, आणि खाली वाट बघायलाही तोच. दोन माणसांचं काम एकट्यानं करायचं म्हटलं की असंच होणार. टोपलीत संत्री असायची. तो सोलायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात तो पडला. मधल्या बोळातून वळताना पाय सरकला आणि तळघराच्या जिन्यावर तो अर्ध्यापर्यंत घसरत गेला. पडल्या पडल्या त्यानं पाणी ऐकलं. भिंतीतून, अगदी जवळून, सगळं उतरून जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी नुंझिओ हाक मारत आत आला तोवर तो तिथंच होता. लॉरेटाला सांगितलं की धुण्याची टोपली घेऊन उतरत होतो. लॉरेटा रडली, मग चिडली, मग तिनं घर विकण्याचं काढलं, आणि ओरेस्ते हो म्हणाला. तिचं चुकत होतं असं कुणी म्हणू शकलं नसतं. पाप्पा, इथं एकही जिना नाही, असं ती फोनवर म्हणायची. इथं अंजिरं रस्त्याच्या कडेला उगवतात, कुणी विचारतही नाही त्यांना. ती समजूत घालण्यासाठी म्हणायची, आणि ओरेस्तेला उगाच अपमान झाल्यासारखं वाटायचं. एक फांदी घेऊन या, इथं लावू, असंही ती म्हणाली होती. पण फांदी म्हणजे दुसरं झाड. ज्यानं ते पाणी प्यायलं ते हे. घर घेणारं जोडपं बघायला आलं होतं, चांगली माणसं होती, झाड बघून खूश झाली. पण न्हाणीघरात त्या मुलीनं टबाच्या काठावर हात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, हा काढून इथं उभ्याचा शॉवर बसवू, किती जागा निघेल. ओरेस्ते दारात उभा होता. तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. ड्रेनेज धड असती तरी ते झाड त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात गेलंच असतं.

डोरीनला मोकळी हवा हवी होती, ती बाहेर अंगणात जाऊन केबलच्या मापानं तुटकी जागा कुठं येते ते बघू लागली, आणि ओरेस्ते तिच्या मागं गेला. नोव्हेंबर लागला होता. झाडाची पानं पिवळी होऊन निम्मी गळली होती, दोन-चार कच्ची अंजिरं तशीच टोकांना राहिली होती. डोरीननं बुंध्यापाशी एक लाल झेंडी रोवली. कुंपणापलीकडे नुंझिओ आपला खड्डा काढत होता. दर वर्षी याच आठवड्यात काढायचा. बाजूला दोऱ्या, फळ्या आणि त्याच्या कुठल्याशा मुलीच्या लग्नातला गालिचा. लॉरेटाच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर धरणारा नुंझिओच, तेव्हापासून दोघं एकमेकांना कोम्पा म्हणत. झेंडी बघून तो फावड्यावर रेलला.

"काय, तोंड घातलं ना पाइपात?" नुंझिओ म्हणाला. "मी म्हातारबाला सांगितलं होतं. आता कुणाला जाऊन सांगू की मी बरोबर होतो?"

ओरेस्तेनं सोमवारचं सांगितलं. नुंझिओनं आपल्या खड्ड्याकडे पाहिलं, आणि मग झाडाकडे, आणि म्हणाला की खड्डा रुंद करायला त्याला वेळ लागणार नाही. दोन्ही शेजारी शेजारी निजतील. सोमवारच्या आत मुळं तोडून, बांधून, कुंपणाच्या दोन फळ्या काढून झाड इकडे ओढून घ्यायचं. जगेल की नाही सांगता येत नाही, त्या लाडावलेल्या झाडाला पुरून घ्यायची सवय नाही, पण अंजीर मरायला तसं कठीण.

"सासऱ्यांचं झाड पुरायचं नाही," ओरेस्ते म्हणाला. "त्यांनी शपथ घातली होती."

"म्हातारबाला पुरताना तू होतास ना तिथं?" नुंझिओ म्हणाला. "मग."

नुंझिओनं फावडं मातीत खुपसलं, मग परत काढलं. दुसरीकडेच बघत तो बोलायला लागला, इतक्या सावकाश की हा तोच का, असं वाटावं. "ती गेली तेव्हा मला वाटलं, आता पहिल्याच बर्फात झाड गेलं. मी खिडकीतून रोज बघायचो. अंगण सगळं पांढरं. मग एक दिवस पट्टा दिसला. मला वाटलं, पाहुणे आले असतील. मग रोज दिसायला लागला, दर हिवाळ्यात. मी काही बोललो नाही, कोम्पा. जिन्यावर तू सापडलास तेव्हा वर टब ओला होता, आणि तू कोरडा. तेव्हाही बोललो नाही."

एवढी वर्षं ज्याच्या तोंडाला कुलूप म्हणून कधी लागलं नाही, त्यानं हे पोटात ठेवलं होतं. ओरेस्तेला लाज वाटली आणि लाजेच्या खालून फार बरं वाटलं, आपण ज्या गोष्टीत एकटे आहोत असं समजत होतो तिच्या काठावर कुणीतरी सारखं उभं होतं म्हणून. नुंझिओनं मग नेहमीच्या आवाजात विचारलं की झाडाला साबण लागेल का सोबत, की ते त्याच्याकडच्या साध्या मातीत झोपेल, आणि ओरेस्ते बघू म्हणाला. हो म्हणाला नाही. हो म्हटलं की टब गेला, पट्टा गेला, खुर्ची गेली. नाही म्हटलं की सगळं होतं तिथं राहील, जिन्यासकट. येत्या हिवाळ्यात तो परत वरून खाली धावेल, त्याच्या हाताला परत काही लागणार नाही, आणि कधीतरी नुंझिओला हाक मारत आत यायला उशीर होईल. तो मरायला घाबरत नव्हता. फक्त त्या दोन जिन्यांच्या मध्ये, ना इकडे ना तिकडे, नको होतं.

तो खाली आला तेव्हा डोरीन हात पुसत उभी होती. एवढंच राहिलं होतं की वरून भरपूर पाणी सोडून ते तुटक्या जागी कितपत तुंबतं ते बघायचं. वर जाऊन टब भरून सोडाल का, तिनं विचारलं, मी इथं पडद्यावर बघते.

ओरेस्ते जिन्याकडे निघाला. सवयीनं दोन पायऱ्या चढला आणि थांबला.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "माझे गुडघे गेलेत. मी बसतो इथं."

"चालेल. तुम्ही पडद्यावर नजर ठेवा मग. पाणी वर चढलं तर सांगा मला."

"गरम सोडा," ओरेस्ते म्हणाला. "काठापर्यंत भरू द्या. घाई नाही. बूच ओढलंत की सावकाश उतरा. जिना वाईट आहे."

डोरीनला त्यात काही विचित्र वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही. तिचे बूट वर गेले. ओरेस्तेनं पडदा हातानं हळूच भिंतीकडे फिरवला आणि आपल्या खुर्चीत बसला, पाइपाला पाठ करून. नळ सुटला. दोन मजल्यांवरून तो आवाज फार लांबचा येत होता, बराच वेळ येत राहिला, मग बंद झाला. मग काही नाही. त्याला आठवलं की हेही असायचं, हे काही नसणं. इतक्या वर्षांत ते तो विसरूनच गेला होता, कारण एकटा असताना तो तेव्हा वर टबाशी वाकलेला असायचा. आता तो खाली होता आणि वर कुणीतरी होतं. टेबलावरचं शेंगदाण्याचं एक टरफल त्यानं बोटानं बाजूला सारलं. समोरची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती, ती त्यानं पायानं थोडी बाहेर ओढली. आणि पाठीमागे आचका आला.

पाणी उतरलं. सगळं, पहिल्यापासून, काहीही न चुकता. मानेमागून, पाठीमागून, फरशीखाली. बिडाचा पाइप तापत गेला आणि ती ऊब सदऱ्यातून आत आली. ओरेस्तेनं डोळे मिटले. एर्सिलिया, तो मनात म्हणाला, मी इथंच आहे. खाली अंगणात आत्ता ते अंजिराजवळ पोचत असेल, त्या पांढऱ्या मुळांना उचलत असेल, बाजूला करत असेल, शेवटचं. हे बघायला पडदा तिथंच हातभर लांब होता, आणि त्याला ते बघायचं नव्हतं. आवाज बारीक झाला. टबाचा शेवटचा घोट वाजला. मग ती शांतता आली, अंग पुसण्याची, आणि ओरेस्तेला ती इतकी ओळखीची वाटली की त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते येऊ दिलं. वरचा जिना वाजला. सावकाश, सांगितल्यासारखा. मग बोळ. मग तळघराचा जिना. आता वळायचं नाही एवढंच त्याला कळत होतं. पावलं उतरत होती, जवळ येत होती, आणि येणार आहे हे नक्की होतं, आणि तो पुन्हा एकदा त्या वेळात होता, पूर्ण, कुणी हिसकावून न घेतलेला. ही पायरी. ही. आता टाळेल.

शेवटून दुसरी पायरी करकरली.

ओरेस्तेनं डोळे उघडले. डोरीन कोव्हाच समोर आली, तिच्या बाह्या वर सारलेल्या होत्या आणि एक हात कोपरापर्यंत लाल झाला होता. तिनं भिंतीकडे तोंड केलेल्या पडद्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, आणि ज्याविषयी विचारणार होती ते विचारलं नाही. बाहेर ओढलेल्या खुर्चीत ती बसली.

"आलं का?" ती म्हणाली.

"आलं," ओरेस्ते म्हणाला.

"एवढं कढत पाणी घेतं कोण? हात भाजला माझा."

"माझी बायको," ओरेस्ते म्हणाला. मग त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. त्यात संत्रं होतं, सोललेलं. साल टेबलावर पडली होती. ते त्यानं मधोमध फोडलं आणि अर्धं तिच्यापुढे ठेवलं.

डोरीननं फोडी तोंडात टाकल्या. दोघं खात राहिली. पाठीमागचा पाइप हळूहळू गार होत होता.

"सोमवारी आणा माणसं," ओरेस्ते म्हणाला. "झाड त्याआधी निघेल. नुंझिओला सांगतो खड्डा मोठा करायला."